गेटवरच्या गार्डसाठी बॉडी कॅमेरा: वापरून सांगते

आमच्या सोसायटीच्या दोन गेटवरच्या गार्डसाठी छातीवर लावायचे चार बॉडी कॅमेरे आहेत. मी इथं सुरक्षेची जबाबदारी घेण्याआधीच समितीनं ते एमजी रोडवरच्या एका दुकानातून आणले होते. एकाची किंमत साडेसात हजार, पक्क्या बिलासकट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच नग खोक्यावरचं नाव बदलून आणखी तीन-चार नावांनी विकला जातो आणि गुणदोष सगळ्यांत सारखेच आहेत.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. चित्र चांगलं आहे, आवाज बरा आहे, बॅटरी खोक्यावर लिहिल्यापेक्षा बरीच कमी चालते. आणि खोक्यातून निघतो तसाच वापरला तर पुरावा म्हणून हा कॅमेरा कामाचा नाही. कामाचा करता येतो. पण त्यासाठी काही सेटिंग बदलावी लागतात, एक रजिस्टर ठेवावं लागतं आणि समितीतल्या लोकांना थोडं दुखवावं लागतं.

मी नाशिक शहर पोलिसांतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून गेली. चाकू असो, रक्ताचा शर्ट असो की चोरीतलं मंगळसूत्र, ठाण्यात आलेली वस्तू आधी माझ्या रजिस्टरला चढायची. पंचांच्या सह्यांचं लेबल आहे का, लाखेचं सील अख्खं आहे का, सीएकडे, म्हणजे रासायनिक तपासणीला, कोण घेऊन गेलं, पोहोच कुठे आहे, परत आल्यावर कपाटाची किल्ली कुणाकडे होती. कोर्टात बचावाचे वकील चाकूबद्दल दोन प्रश्न विचारायचे आणि चाकूच्या या प्रवासाबद्दल वीस. आमच्यातल्या काहींना त्याचा राग यायचा. मला कधी आला नाही. ज्या माणसाची दहा वर्षं त्या वस्तूवर टांगलेली असतात, त्याला एवढं विचारायचा हक्क असायलाच हवा. या कॅमेऱ्याकडे मी त्याच नजरेनं बघते.

आधी वस्तूबद्दल. तळहातात मावतो, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, मागची क्लिप मजबूत आहे. पहिली अडचण क्लिप लावतानाच आली. उजव्या हातानं लावायचा म्हणून प्रत्येक गार्ड तो डाव्या खिशावर लावतो आणि त्याच जागी नावाची पाटी असते. म्हणजे कॅमेरा लागला की नाव गेलं. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेसंबंधी ११ सूचना दिल्या, त्यातली पहिलीच ही की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची आणि हुद्द्याची पाटी स्पष्ट दिसली पाहिजे. गार्ड पोलीस नाही हे मला कळतं. पण ज्यानं मला अडवलं त्याचं नाव मला वाचता आलं पाहिजे, हे कुठल्याही गणवेशाला लागू व्हायला हवं. आता सगळे कॅमेरे उजव्या बाजूला लागतात. दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली.

दिवसा दहा-बारा फुटांवरच्या स्कूटरचा नंबर नीट वाचता येतो. रात्री इन्फ्रारेड आपोआप सुरू होतो आणि चित्र काळं-पांढरं होतं, तेव्हा ‘लाल शर्टवाला’ असं कुणी सांगितलं तर क्लिपमध्ये लाल शोधू नका. समोरून गाडीचे दिवे आले की काही क्षण सगळं पांढरं. भिंग रुंद आहे, त्यामुळं जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आणखी लांब. कुणी बोलताना हात नुसता पुढं केला, तरी पडद्यावर तो अंगावर आल्यासारखा वाटतो. आणि खरी झटापट सुरू झाली की या कॅमेऱ्यात काय दिसतं? समोरच्याच्या शर्टाचं कापड. झटापटीत ज्याच्याकडे डोळे लावून बसायचं, ते हात आणि चेहरे नेमके चौकटीबाहेर जातात.

छातीवरचा कॅमेरा आणखी एक गोष्ट दाखवत नाही, ती म्हणजे तो लावणारा माणूस. त्यानं दात खाल्ले, मूठ वळली, डोळे वटारले, काही दिसणार नाही. अमेरिकेत २०१९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच घटना पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहिली तर लोक ‘त्यानं हे मुद्दाम केलं’ असं कमी म्हणतात, आणि गाडीतल्या कॅमेऱ्यातून पाहिली तर जास्त. म्हणजे कॅमेरा खोटं न बोलताही एका बाजूला झुकतो. उलट बाजूचंही आहे. २०१६ साली दिसून आलं की क्लिप हळू गतीनं दाखवली तर बघणाऱ्यांना कृती जास्त ठरवून केलेली वाटते. आमच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी क्लिप ‘स्लो करा, स्लो करा’ म्हणतात तेव्हा मी आधी मूळ गतीनं दोनदा दाखवते. हळू गती हात कुठं होता हे बघायला ठीक आहे, मनात काय होतं हे ठरवायला नाही.

आवाजाचंही असंच. माइक गार्डच्या हनुवटीखाली असतो, म्हणून गार्डचं ‘शांत व्हा, शांत व्हा’ खणखणीत येतं आणि समोरचा काय म्हणाला ते वाऱ्यात आणि हॉर्नमध्ये जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, एक जण समजावतोय आणि दुसरा नुसताच ओरडतोय.

बॅटरीला खोक्यावर दहा तास लिहिलेत. इन्फ्रारेड चालू असेल तर सहाच्या पुढं गेलेली मी पाहिली नाही. गार्डची ड्यूटी बारा तासांची, म्हणून एका गेटला दोन कॅमेरे लागतात. समितीनं चार घेतले होते हे त्यातल्या त्यात बरं.

घड्याळ हा या नगाचा सगळ्यात वाईट भाग. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख कारखान्यातल्या तारखेवर जाते आणि चित्राच्या कोपऱ्यात बिनधास्त तीच छापत राहते. बघणाऱ्याला ती खरी वाटते, कारण छापलेली आहे. आता प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला गार्ड मोबाइलचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून पाच सेकंद रेकॉर्ड करतो. फुकटचा उपाय आहे आणि याच्याइतका उपयोगी दुसरा मला सापडलेला नाही.

आता प्री-रेकॉर्ड. बटण दाबण्याआधीचे काही सेकंद कॅमेरा आपल्या पोटात ठेवतो आणि बटण दाबलं की ते क्लिपच्या पुढं जोडतो. या नगात ३० सेकंदांपर्यंत सोय आहे, त्या ३० सेकंदांत फक्त चित्र, आवाज नाही. मोठ्या कंपन्यांच्या पोलिसांसाठीच्या कॅमेऱ्यांतही साधारण अशीच पद्धत असते. फरक इतकाच की आपल्याकडे येणारा हा नग ती सोय बंद करून येतो. दुकानदार सांगत नाही, पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे.

त्यानं काय होतं ते गेटवर दिसलं. संध्याकाळची वेळ, डिलिव्हरीचा एक मुलगा आला. रजिस्टरवर सही कर, फ्लॅटला फोन लावून दे, यावरून गार्डशी वाजलं. गार्ड पेठ तालुक्यातला, कामाला चोख, पण नवा. मी पोहोचले तेव्हा मुलाचा मोबाइल जमिनीवर, काच फुटलेली, आणि दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत होते. मुलगा म्हणाला, ‘मावशी, यानं माझा फोन ओढला आणि कानाखाली मारली.’ गार्ड म्हणाला, ‘मॅडम, त्यानं माझ्या छातीवर हात टाकला, मी फक्त मनगट धरलं. कॅमेऱ्यात आहे.’

कॅमेऱ्यात होतंच. क्लिप सुरू होते तीच मुलाचा हात गार्डच्या छातीवर असताना. चाळीसेक सेकंदांची ती क्लिप तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर गेली आणि निकालही लागला. त्या मुलाला गेटबंदी करा, त्याच्या कंपनीला कळवा, कुणी तर म्हणालं पोलिसांत द्या. कुणीही विचारलं नाही की क्लिप इथूनच का सुरू होते.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की उद्या संध्याकाळपर्यंत कुणी काही ठरवू नये. त्या रात्री आधी तीन माणसांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घेतलं: गार्डचं, मुलाचं, आणि त्या वेळी गेटमधून बाहेर पडत असलेल्या एका कामवाल्या ताईंचं. क्लिप तिघांपैकी कुणालाही आधी दाखवली नाही. गार्डनं मात्र स्वतःच्या कॅमेऱ्यावर ती पाहून झाली होती, तेही त्याच्या जबाबाखाली लिहिलं. अमेरिकेत यावर अजून वाद चालतो की बळाचा वापर केलेल्या पोलिसानं अहवाल लिहिण्याआधी आपलं चित्रण पाहावं की नाही. पाहावं म्हणणारे म्हणतात, आठवण पक्की होते. माझं मत उलट आहे. एकदा चित्र पाहिलं की माणूस चित्रात बसेल तेवढंच आठवतो. आणि समोरच्या आरोपीला किंवा तक्रारदाराला तर कुणी चित्र दाखवून मग जबाब घेत नाही. आधी दोघांनी सांगावं, मग दोघांनी पाहावं, मग ज्याला जी भर घालायची ती वेगळ्या कागदावर, वेळ टाकून घालावी. गणवेशवाल्याला एक रीत आणि टी-शर्टवाल्याला दुसरी, हे चालणार नाही. पोलिसांनाही चालायला नको.

मग गेटवरच्या खांबाचं सीसीटीव्ही काढलं. त्याचं घड्याळ बॉडी कॅमेऱ्याच्या चार मिनिटं पुढं निघालं. कुठलं बरोबर हे नंतर बघू, आधी दोन्ही जुळवायला एक खूण हवी होती. ती मिळाली एका पांढऱ्या गाडीत. बॅरिअर वर जातो, गाडी आत येते, तिचा ब्रेकचा दिवा लागतो. हे दोन्ही चित्रणांत आहे. तिथून सेकंद मोजत मागं गेलो. खांबाच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं की छातीवर हात पडण्याच्या अकरा सेकंद आधी गार्डनं मुलाच्या हातातला मोबाइल ओढून घेतला. मुलगा पुढं झाला तो मोबाइलसाठी. त्याचा हात छातीवर पडला, गार्डनं मनगट धरलं, आणि त्यानंतर कधीतरी बटण दाबलं. प्री-रेकॉर्ड चालू असतं तर हे अकरा सेकंद क्लिपमध्येच असते, पुढचं काहीच झालं नसतं.

आणि कानाखाली मारलेलं? ते कुठंच नाही. त्या क्षणी दोघं चौकीच्या छपराखाली आहेत, वरच्या कॅमेऱ्याला छप्पर दिसतं, छातीवरच्या कॅमेऱ्याला कापड. कामवाल्या ताई म्हणाल्या, ‘आवाज आला, पण मी वळेपर्यंत फोन पडला होता, कशाचा आवाज ते सांगता यायचं नाही.’ त्यांनी जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं. असा साक्षीदार मला नोकरीत फार क्वचित भेटला. मी मुलाला म्हटलं, बाळा, दुखत असेल तर सिव्हिलला जाऊन तपासून घे, मी बरोबर येते. तो नको म्हणाला.

समितीपुढं मी लिहून दिलं ते असं: मोबाइल ओढला हे दिसतं. छातीवर हात पडला हे दिसतं. मनगट धरलं हे दिसतं. मारलं की नाही हे कुठल्याच चित्रणातून सांगता येत नाही, म्हणून ‘मारलं’ असंही धरू नये आणि ‘मुलगा खोटं बोलतो’ असंही धरू नये. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, काहीतरी एक लिहा ना.’ मी म्हटलं, साहेब, जे दिसत नाही ते लिहिण्यासाठी कॅमेरा घेतला नाही आपण. गेटबंदी उठली, काचेचे पैसे सोसायटीनं भरले, क्लिप ज्यांनी ग्रुपवर टाकली त्यांनी काढली. गार्ड कामावरच आहे. त्याला मी एवढं समजावलं की दुसऱ्याची वस्तू हातातून ओढायचा अधिकार आपल्याला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणं साधा नागरिक कुणाला पकडू शकतो, पण त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर किंवा तो घोषित फरारी असेल तर, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. गार्डला याहून जास्त काही मिळालेलं नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणं गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. पोलिसांनाही अटकेत पळून जाऊ नये इतकंच बांधून ठेवता येतं, त्याहून जास्त नाही. लाठी चालवायला शिकवतात तेव्हाही डोकं सोडून, कमरेखाली, आणि आधी सूचना देऊन, हेच शिकवतात. बळ किती वापरलं हे मोजायचं तर ते वापरण्याआधीचा मिनिट लागतो. तोच मिनिट बटणावर अवलंबून ठेवणं हा या सगळ्या यंत्राचा कच्चा दुवा आहे.

बाहेरचे आकडेही तेच सांगतात. कॅलिफोर्नियातल्या रिअल्टो गावात २०१२-१३ मध्ये ५४ पोलिसांवर वर्षभर प्रयोग झाला. कॅमेरा नसलेल्या पाळ्यांत बळाचा वापर कॅमेऱ्याच्या पाळ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला, आणि तक्रारी आधीच्या वर्षापेक्षा खूपच उतरल्या. त्यावरून जगभर कॅमेऱ्यांची खरेदी सुरू झाली. मग वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून जास्त पोलिसांवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये निकाल आला, आणि तिथं म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मधल्या काळात, २०१६ साली, अनेक ठिकाणचे निकाल एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट पुढं आली होती: कॅमेरा कधी चालू करायचा हे जिथं नियमानं ठरलेलं होतं तिथं बळाचा वापर घटला, आणि जिथं ते लावणाऱ्याच्या मर्जीवर होतं तिथं उलट वाढला. एमजी रोडवरच्या दुकानात हे कुणी सांगणार नाही, पण साडेसात हजार देताना हे माहीत असलेलं बरं. आमच्याकडे आता लेखी नियम आहे. कुणालाही अडवायच्या आधी बटण, अडवल्यावर नाही. आणि बंद करताना ‘बंद करतोय, कारण अमुक’ हे तोंडानं बोलून बंद करायचं. कुणाच्या घराच्या दारात उभं असताना मात्र कॅमेरा झाकायचा, तिथं आत लहान मुलं असतात, बायका असतात.

साठवणुकीबद्दल. आत ६४ जीबीची जागा आहे. तासाला चार जीबी धरली तर सोळा तास. भरलं की जुन्यावर नवं, कारण लूप रेकॉर्डिंग मात्र कंपनीनं चालू करून दिलेलं असतं. म्हणजे शनिवारची तक्रार सोमवारी आली तर शनिवार पुसला गेलेला. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट, रात्री दिसणारे सीसीटीव्ही लावा आणि चित्रण १८ महिने ठेवा, तशी यंत्रं मिळत नसतील तर किमान एक वर्ष, असं सांगितलं. कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे. कारण कोठडीत मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी तक्रारीला उभा राहत नाही. भीती ओसरायला, जामीन व्हायला, वकील मिळायला महिने जातात. चित्रणाचं आयुष्य भीतीच्या आयुष्यापेक्षा मोठं हवं. सोसायटीला १८ महिने जमणार नाहीत. आम्ही ९० दिवस सगळं ठेवतो, आणि ज्यावर कुणाचीही तक्रार आहे ते तक्रार मिटेपर्यंत. कुणाचीही म्हणजे डिलिव्हरीवाल्याचीसुद्धा.

पासवर्ड सहा शून्यं होता. ज्याला तो माहीत तो क्लिप पुसू शकतो, आणि पुसल्याची नोंद कुठंही राहत नाही. मुद्देमालाच्या कपाटाला कुलूप नसण्यासारखंच हे. आता पासवर्ड दोन अर्ध्या भागांत आहे, अर्धा माझ्याकडे, अर्धा खजिनदारांकडे, आणि गार्डकडे नाही. क्लिप उतरवली की ऑफिसचा मुलगा लॅपटॉपवर विंडोजमधल्या सर्टयूटिल या सोयीची एक ओळ टाकून तिची शा-२५६ हॅश काढतो, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. ६४ अक्षरं-आकडे येतात. क्लिपमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ६४ अक्षरं पूर्ण वेगळी येतात. त्याची छापील पट्टी रजिस्टरला चिकटवून, कॅमेरा नंबर, गार्डचं नाव, उतरवल्याची वेळ आणि दोघांच्या सह्या. माझ्या हातांना हे काम ओळखीचं आहे, फक्त लाखेच्या जागी आकडे आलेत.

हा उपद्व्याप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या ठरलेल्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. पहिला भाग नोंद देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. जुन्या कायद्यात हेच ६५ बी होतं. ते किती महत्त्वाचं, हे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून ठरलं: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही यावर निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा प्रश्न होता. न्यायालयानं सांगितलं, प्रतीला प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली क्लिप ही प्रतीची प्रत, तीही दाबून लहान केलेली. तिची हॅश मूळ क्लिपशी कधीच जुळणार नाही.

साक्ष्य अधिनियमाच्याच कलम ११९ मध्ये एक उदाहरण आहे, ते मला फार न्यायाचं वाटतं. जो पुरावा देता आला असता आणि दिला नाही, तो दिला असता तर न देणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असं कोर्ट धरू शकतं. ‘नेमका त्याच वेळी कॅमेरा बंद होता’ हे वाक्य जिथं जिथं गणवेशातून येतं तिथं हे उदाहरण आठवावं. आता पोलिसांना झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणं बंधनकारक झालंय आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. चांगली गोष्ट आहे. प्रामाणिक पोलिसाला याचा फायदाच आहे. खोट्या आरोपाखाली चौकशीत अडकलेले सहकारी मी पाहिलेत, आणि त्यांच्या बाजूचा एखादा फोटोसुद्धा त्या काळी मिळत नसे.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, त्यामुळं घाटावरच्या खाजगी एजन्सीही असे कॅमेरे बघत असतील. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, तेव्हा मी नोकरीत होते. गर्दीसाठी हा नग घेऊ नका. गर्दीत छातीवरच्या कॅमेऱ्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते. तिथं उंचावरचा कॅमेरा हवा, आणि तो बघणारा जागा माणूस हवा. गार्डच्या अंगावरचा कॅमेरा हा एकेकट्या प्रसंगासाठी आहे: गेट, पार्किंग, दुकानाचं दार.

दुकानाची सेवा बरी आहे. मालक तरुण आहे, ‘मॅडम, पुरावा एकदम पक्का’ हे त्याचं पाठ झालेलं वाक्य मी त्याला सोडायला लावलं. घड्याळाच्या तक्रारीवर त्यानं एक नग बदलून दिला, बदललेल्याचंही तेच. पण त्यानं नवं मॉडेल काउंटरवर मांडून दाखवलं, साडेनऊ हजाराचं. त्यात कॅमेऱ्यावरून पुसायची सोयच नाही, आणि चालू-बंद केल्याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये राहते. मी समितीला त्यातले दोन मुख्य गेटसाठी घ्यायला लिहून दिलंय, जुने चार मागच्या गेटला आणि पार्किंगला चालतील. तुम्ही घ्यायला जाणार असाल तर दुकानातच प्री-रेकॉर्ड ३० सेकंदांवर लावा, लूप बंद करा, पासवर्ड बदला, मग काउंटरवर एक क्लिप काढून ती पुसता येते का ते बघा. पुसता आली आणि कुठं नोंद राहिली नाही, तर दोन हजार जास्त घालून वरचं मॉडेल घ्या.